उतरणाऱ्या विमानांमधील अंतर : एक विवेचन

मुंबईत पश्चिमेचा वारा वाहत असताना सायंकाळच्या वेळी घाटकोपर किंवा कुर्ल्याच्या एखाद्या गच्चीवर उभे राहिले, तर पूर्वेच्या आकाशात दिव्यांची एक रांग दिसते. त्यांतील प्रत्येक दिवा म्हणजे धावपट्टीकडे येणारे एक विमान होय. एक दिवा मोठा होत होत डोक्यावरून निघून जातो, तोच त्याच्या मागचा मोठा होऊ लागतो, आणि रांगेच्या टोकाला नवा दिवा उगवतो. पाहणाऱ्यास वाटते की, या दिव्यांमधील अंतर कोणी तरी दोरीने मोजून ठेविले असावे. हे अंतर किती असावे, ते तितकेच का असावे, आणि ते कमी करता येईल काय, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहेत.

प्रश्न दिसावयास साधे आहेत. परंतु त्यांचे उत्तर शोधू लागले असता पदार्थविज्ञान, संभाव्यताशास्त्र आणि मनुष्यस्वभाव या तिन्ही प्रांतांत शिरावे लागते. लेखाचे प्रतिपाद्य आरंभीच सांगून टाकणे बरे. दोन विमानांमध्ये राखले जाणारे अंतर हे मुख्यतः त्या विमानांच्या आकाराचे किंवा वेगाचे माप नसून, ती नेमकी कोठे आहेत याविषयीच्या आपल्या अज्ञानाचे माप आहे. या अज्ञानाच्या जोडीला हवेची एक हट्टी अडचण आणि धावपट्टी रिकामी होण्यास लागणारा अवधी येतो. गेल्या शंभर वर्षांत अज्ञानाचा वाटा पुष्कळ घटला. मात्र तो घटल्यामुळे जे वाचले ते सुरक्षिततेच्या खाती जमा झाले की वाहतूक वाढविण्यात खर्च झाले, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पुढील विवेचनात अंतर सागरी मैलांत दिले आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि ताशी एक सागरी मैल या वेगास एक नॉट म्हणतात.

१. दिसत नाही तेव्हा

प्रारंभीच्या वैमानिकांचे सारे नियंत्रण डोळ्यांवर अवलंबून होते. दुसरे विमान दिसले की बाजूला व्हावयाचे, एवढाच नियम. या नियमाची मर्यादा ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतात दिसून आली. लंडन व पॅरिस यांमध्ये ये-जा करणारी एक इंग्रजी आणि एक फ्रेंच अशी दोन विमाने कमी दृश्यमानतेत समोरासमोर येऊन एकमेकांवर आदळली, आणि दोन्हींतील मिळून सातही जण मृत्यू पावले. प्रवासी विमानांची परस्परांशी झालेली ही पहिली टक्कर मानली जाते. डोळ्यांना जे दिसत नाही ते कोणी तरी जमिनीवर बसून ध्यानात ठेविले पाहिजे, ही जाणीव अशा प्रसंगांतून बळावत गेली. अमेरिकेत १९३५ च्या अखेरीस नेवार्क येथे विमानकंपन्यांनी असे एक केंद्र उघडले. पुढल्याच वर्षी हे काम तेथील मध्यवर्ती सरकारने आपल्याकडे घेतले.

अशा केंद्रातील नियंत्रकास आकाश दिसत नसे. वैमानिक अमुक खुणेवरून अमुक वेळी अमुक उंचीवरून गेल्याचे कळवी, आणि नियंत्रक ते टिपून पुढच्या खुणेवर ते विमान केव्हा येईल याचा हिशेब करी. या पद्धतीत अंतर मैलांत नव्हे, मिनिटांत राखले जाते. एकाच उंचीवर एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत सर्वसाधारणपणे १५ मिनिटे, आणि दिग्दर्शक साधनांमुळे विमानाचे स्थान वारंवार निश्चित करता येत असेल तर १० मिनिटे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ३०० नॉट वेगाने जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत १० मिनिटे म्हणजे तब्बल ५० सागरी मैल होतात. विमानाची लांबी पाऊणशे मीटरांहून क्वचितच अधिक असते. मग ५० मैल कशासाठी? नियमाच्या शब्दांतच उत्तर आहे. स्थान वारंवार कळले तर १०, न कळले तर १५. म्हणजे जे राखावयाचे ते विमानापासूनचे अंतर नव्हे. ते विमान जेथे असू शकेल अशा साऱ्या प्रदेशापासूनचे अंतर होय.

२. चळत आणि तिचा त्याग

विमाने उतरू लागली की अडचण वाढते. मार्गावर पसरलेली विमाने एकाच धावपट्टीच्या उंबरठ्याकडे वळतात. नदीचे पात्र अरुंद व्हावे तसा प्रकार होतो. आधी आलेले विमान उतरेपर्यंत मागच्यास कोठे तरी थांबविले पाहिजे, आणि विमान तर हवेत स्तब्ध उभे राहू शकत नाही. म्हणून त्याला एका खुणेभोवती लांबट वर्तुळात फिरत ठेवतात. सेकंदाला तीन अंश या ठरीव दराने वळल्यास अर्धे वळण एका मिनिटात होते. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, असा चार मिनिटांचा हा फेरा. एका खुणेवर अनेक विमाने असतील तर त्यांना हजार हजार फुटांच्या फरकाने एकावर एक ठेवतात. भांड्यांच्या चळतीप्रमाणे ही विमानांची चळत होते. मात्र येथे काढावयाचे ते तळाचे भांडे. तळाचे विमान उतरावयास सोडले की वरचे प्रत्येक विमान हजार फूट खाली येते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवती बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन हिल अशा चार चळती रचण्याची पद्धत प्रसिद्ध आहे.

चळत हा सोयीचा उपाय खरा, पण तो गर्दी नाहीशी करीत नाही. ती साठवून ठेवितो. याचा धडा बर्लिनच्या हवाई पुरवठ्यात मिळाला. १९४८ साली बर्लिनकडे जाणारे जमिनीवरील मार्ग बंद झाल्यावर त्या शहराला अन्न व कोळसा विमानांनी पोचविला जाऊ लागला. १३ ऑगस्ट १९४८ रोजी ढग अगदी खाली उतरले असता टेंपलहोफ विमानतळावर एक विमान धावपट्टीच्या शेवटी कोसळून पेटले. त्याला चुकविण्याच्या प्रयत्नात दुसऱ्याचे टायर फुटले. तिसरे अपुऱ्या तयारीच्या धावपट्टीवर उतरून गिरकी खाऊन थांबले. वर चळत वाढत चालली. या पुरवठ्याचे प्रमुख जनरल विल्यम टनर त्या वेळी त्याच चळतीतील एका विमानात होते. त्यांनी आपले विमान वगळून बाकी साऱ्या विमानांना परत फिरण्याची आज्ञा केली.

त्यानंतर टनर यांनी केलेला नियम विलक्षण साधा होता. विमाने तीन मिनिटांच्या ठरीव अंतराने येतील. एखाद्याचा उतरण्याचा प्रयत्न चुकला तर ते पुन्हा रांगेत शिरणार नाही. माल घेऊन तसेच तळावर परत जाईल. वरवर पाहता हा अपव्यय वाटतो. तथापि दिवसाची मिनिटे १४४०. तीन मिनिटांस एक या हिशेबाने एका विमानतळावर ४८० विमाने उतरू शकतात, आणि रांग मोडली नाही तरच ही संख्या गाठता येते. एका चुकलेल्या विमानास जागा करून देण्यासाठी मागची वीस विमाने हलविणे हे त्या एका विमानाच्या मालापेक्षा महाग पडते. १५ व १६ एप्रिल १९४९ च्या चोवीस तासांत बर्लिनच्या विमानतळांवर मिळून १३९८ उड्डाणांनी १२,९४१ टन माल पोचविला. म्हणजे सरासरीने जवळजवळ मिनिटाला एक विमान! मोठी गती मिळविण्याचा मार्ग घाई हा नसून नियमितपणा हा आहे, हा त्यातील बोध आजही जुना झालेला नाही.

३. रडारने काय दिले

रडारमुळे नियंत्रकास प्रथमच आकाश दिसू लागले. तरी ते दर्शनही अपुरे असते, हे विसरता कामा नये. विमानतळाजवळच्या रडारची तबकडी साधारणपणे चार ते पाच सेकंदांत एक फेरा करते. तेवढ्यात २५० नॉट वेगाचे विमान सुमारे ०.३५ सागरी मैल, म्हणजे साडेसहाशे मीटरांच्या आसपास पुढे गेलेले असते. पडद्यावरील ठिपका विमान जेथे होते ती जागा दाखवितो, जेथे आहे ती नव्हे. शिवाय दिशेच्या मापनात एका अंशाची चूक झाली तर ६० मैलांवर ती सुमारे एक मैलाची होते. म्हणजे रडारपासून जितके दूर, तितके अज्ञान अधिक. यामुळेच विमानतळाच्या परिसरात, रडार तितके चांगले असल्यास, किमान अंतर ३ सागरी मैल धरतात आणि दूरच्या मार्गांवर ५. मिनिटांच्या पद्धतीतील ५० मैलांशी ताडून पाहिल्यास अज्ञान घटल्याचा लाभ केवढा, हे ध्यानात येईल.

तथापि ठिपका दिसणे आणि तो कोणाचा हे कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर दोन विमाने उतरावयास येत होती : एक डीसी-८ जातीचे जेट आयडलवाइल्ड विमानतळाकडे, आणि दुसरे सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे ला गार्डियाकडे. जेट विमानास एका ठरीव खुणेपाशी थांबून फेरे घालावयाचे होते. त्याच्या दोन दिग्दर्शक ग्राहकयंत्रांपैकी एक बंद पडले होते, आणि ही गोष्ट नियंत्रकास कळविली गेली नव्हती. विमान त्या खुणेच्या सुमारे ११ मैल पुढे गेले, आणि तीनशे नॉटांच्या वेगात दुसऱ्या विमानावर आदळले. दोन्ही विमानांतील १२८ आणि जमिनीवरील ६ असे एकूण १३४ जण मृत्युमुखी पडले. ला गार्डियाच्या नियंत्रकास पडद्यावर एक अनोळखी ठिपका दिसला होता, आणि त्याने आपल्या वैमानिकास तशी सूचनाही दिली होती. पण तो ठिपका कोणाचा आणि किती उंचीवर, हे त्याला कळावयास मार्ग नव्हता. कागदावर दोन्ही विमाने एकमेकांपासून सुरक्षित होती, कारण कागदावर जेट विमान आपल्या खुणेपाशी फिरत होते.

४. उंचीचे गणित

उभे अंतर सामान्यतः १००० फूट असते. ५० मैल, ३ मैल अशा आकड्यांपुढे ते फारच थोडे वाटते. त्याचे कारण असे की, विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते, आणि एका क्षेत्रातील सारी विमाने दाबाचे तेच प्रमाण धरून आपले उंचीमापक जुळवितात. दाबाच्या अंदाजात चूक असली तरी ती सर्वांना सारखीच लागू पडते. फरक शिल्लक राहतो तो यंत्रांच्या अचूकपणाचा. वजाबाकी केली असता समान चूक नाहीशी होते, या प्राथमिक तत्त्वावर हजार फुटांचा नियम उभा आहे.

परंतु हवा वर विरळ होत जाते. समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार दाबाचा फरक म्हणजे सुमारे २७ फूट. तीस हजार फुटांवर तोच फरक सुमारे ७३ फूट होतो. यंत्रातील तीच चूक वरच्या थरात पावणेतीन पटींच्या जवळपास मोठी होते. म्हणून २९,००० फुटांच्या वर पूर्वी २००० फूट अंतर ठेवीत. अधिक अचूक उंचीमापक आले, त्यांची तपासणी काटेकोर झाली, तेव्हा १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर हे अंतर १००० फुटांवर आणण्यास आरंभ झाला, आणि पुढे भारतासह इतर देशांनी तोच नियम स्वीकारला. येथेही अज्ञान घटले, तसे अंतर घटले.

यंत्र अचूक असून माणूस चुकला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच देशातील आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान १४,००० फुटांपर्यंत चढत होते. त्याच मार्गावर समोरून दिल्लीकडे उतरत येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन-७६ विमानास १५,००० फुटांवर थांबण्याची आज्ञा होती, आणि समोरून विमान येत असल्याची सूचनाही त्याला दिली गेली होती. मधले अंतर नियमाप्रमाणे हजार फूट. परंतु इल्युशिन आपल्या नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले, आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा अंत झाला. त्या वेळी दिल्लीस जे रडार वापरात होते ते प्राथमिक स्वरूपाचे होते. ते ठिपका दाखवी, उंची दाखवीत नसे. नियंत्रकास उंची कळे ती वैमानिकाच्या बोलण्यावरूनच. शिवाय जाणारी व येणारी विमाने एकाच हवाई मार्गाने जात.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने उंचीची आज्ञा न पाळणे हे अपघाताचे कारण ठरविले. त्यानंतर येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे झाले. विमानातील ट्रान्सपाँडरकडून उंची मिळविणारे दुय्यम रडार आले. आणि दोन विमानांनी परस्परांची जाणीव ठेवून वैमानिकास सावध करणारे यंत्र भारतीय आकाशात सक्तीचे झाले. या तिन्ही सुधारणांचे स्वरूप पाहिले तर त्यांपैकी एकीनेही हजार फुटांचा आकडा बदलला नाही, हे दिसून येईल. बदलले ते त्या आकड्यामागील ज्ञान. आज्ञा दिली गेली आहे, एवढ्यावर विसंबण्याऐवजी ती पाळली जात आहे की नाही हे पाहण्याची सोय झाली.

५. विमानामागील भोवरे

येथवर पाहिलेले अंतर अज्ञानातून निर्माण होते. आता ज्या कारणाचा विचार करावयाचा ते हवेच्या स्वभावातच आहे. पंखाखालचा दाब वरच्यापेक्षा अधिक असतो म्हणून विमान तरंगते. याच कारणाने पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळते, आणि विमानाच्या मागे परस्परविरुद्ध फिरणाऱ्या भोवऱ्यांची एक जोडी सुटते. या भोवऱ्यांची शक्ती विमानाच्या वजनाच्या सम प्रमाणात, आणि वेग व पंखविस्तार यांच्या व्यस्त प्रमाणात असते. जड व मंद विमान मागे सर्वांत बलवान भोवरे सोडते, आणि उतरणारे विमान मंद असतेच. भोवरे मिनिटाला काही शे फूट या गतीने खाली जातात. जमिनीजवळ आल्यावर ते बाजूंस पसरतात. हलका आडवा वारा असेल तर त्यांपैकी एक भोवरा नेमका धावपट्टीवरच रेंगाळण्याचा संभव असतो. जोराचा वारा धोक्याचा आणि शांत हवा सुखाची, ही आपली नेहमीची समजूत येथे उलटी ठरते.

या कारणासाठी विमानांचे वजनावरून वर्ग पाडले आहेत. १३६ टन वा त्याहून अधिक वजनाची ती जड, ७ टनांपर्यंतची हलकी, आणि मधली ती मध्यम, ही रूढ वर्गवारी होय. जडामागे जड आल्यास ४ सागरी मैल, जडामागे मध्यम आल्यास ५, आणि जडामागे हलके आल्यास ६ मैल अंतर राखतात. मात्र वजन हे भोवऱ्याच्या शक्तीचे केवळ स्थूल गमक आहे. १५ डिसेंबर १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे बोइंग ७५७ च्या मागून येणारे एक लहान जेट विमान भोवऱ्यात सापडून कोसळले व त्यातील पाचही जण दगावले. वजनाने ७५७ जड वर्गात येत नव्हते. त्यानंतर अमेरिकेत त्याच्यामागे ठेवावयाच्या अंतराचा वेगळा नियम करण्यात आला.

६. वेग, वारा आणि क्रम

अंतराचे नियम कळले तरी ते प्रत्यक्षात राखणे ही वेगळी विद्या आहे. एक उदाहरण घेऊ. दोन विमाने १६० नॉट वेगाने ४ मैलांच्या अंतराने येत आहेत. धावपट्टीपासून ४ मैलांवर प्रत्येक विमान आपला वेग १३५ नॉटांवर आणते. पुढचे विमान त्या बिंदूवर मंदावल्यानंतर मागचे तेथे येईपर्यंत ९० सेकंद जातात. तेवढ्यात पुढचे ३.४ मैलच गेलेले असते. कोणीही नियम मोडला नाही, तरी ४ मैलांचे ३.४ झाले! कारण दोन विमानांमधील काळाचे अंतर कायम राहते, लांबीचे नव्हे. शेवटी ४ मैल हवे असतील तर नियंत्रकाने आरंभी सुमारे ४.७ मैल राखावयास हवेत. असे आकुंचन आधीच हिशेबात धरून तो एखाद्यास वेग कमी करावयास सांगतो, एखाद्यास वळण देऊन लांबून आणतो. आणि दर वेळी वैमानिकाने आज्ञा परत उच्चारून दाखविली की नाही, हे कानांनी तपासतो.

हेच तत्त्व वाऱ्यालाही लागू आहे. १४० नॉट वेगाने येणाऱ्या विमानास ४ मैल ओलांडावयास १०३ सेकंद लागतात, म्हणजे तासाला ३५ विमाने उतरतील. समोरून ३० नॉटांचा वारा असेल तर जमिनीच्या सापेक्ष वेग ११० नॉट उरतो. त्याच ४ मैलांस १३१ सेकंद लागतात, आणि तासाला जेमतेम २७ विमाने उतरू शकतात. परंतु अशा वाऱ्यात भोवरे लवकर विरतात, असे मापनांवरून दिसून आले. मग जास्तीचे सेकंद कशासाठी घालवावयाचे? या विचाराने हीथ्रो येथे २०१५ पासून उतरणाऱ्या विमानांत मैलांऐवजी सेकंदांचे अंतर राखण्यास प्रारंभ झाला. मिनिटांपासून मैलांकडे गेलेली पद्धत अशा रीतीने पुन्हा काळाकडे वळली. फरक इतकाच की, पहिला काळ अज्ञानाचा होता आणि हा ज्ञानाचा आहे.

विमानांचा क्रम हा गणिताच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचा विषय ठरावा. तीन जड व तीन मध्यम विमाने उतरावयाची आहेत असे समजू. मध्यमामागे यांपैकी कोणतेही विमान आल्यास ३ मैल पुरेत. जड-मध्यम असा आलटून पालटून क्रम ठेविला तर अंतरांची बेरीज ५+३+५+३+५ म्हणजे २१ मैल होते. आधी तिन्ही मध्यम व मग तिन्ही जड आणली तर ती ३+३+३+४+४ म्हणजे १७ मैल होते. १४० नॉट वेगास हा १०३ सेकंदांचा फरक आहे. म्हणजे केवळ क्रम बदलल्याने आणखी एका विमानास जागा मिळते. सहा विमानांचे ७२० क्रम तपासणे सोपे आहे. वीस विमानांच्या क्रमांची संख्या मात्र १९ अंकी होते. आणि सर्वांत लाभदायक क्रम न्याय्य असेलच असे नाही. एखादे जड विमान सतत मागे ढकलले जाईल. म्हणून मॅसॅच्युसेट्स येथील रॉजर डिअर यांनी १९७६ मध्ये असा विचार मांडला की, कोणतेही विमान त्याच्या येण्याच्या क्रमापासून काही ठरावीक जागांपलीकडे हलवू नये. या मर्यादेमुळे न्याय राखला जातो, नियंत्रकाचे काम आवाक्यात राहते, आणि गणितही सुटण्याजोगे होते.

७. किती सुरक्षित म्हणजे सुरक्षित?

किमान अंतराचा आकडा अनुभवाने ठरविण्यास एक अडचण आहे : टकरी इतक्या विरळ असतात की त्यांची सरासरी काढून काही शिकता येत नाही, आणि शिकता येईल इतक्या त्या होऊ देणे तर शक्यच नाही. फार्नबरो येथील शास्त्रज्ञ पी. जी. राइश यांनी १९६६ मध्ये यातून वाट काढली. टकरी मोजण्याऐवजी त्यांनी विमानांच्या मार्गच्युतीचे वितरण घेतले, आणि दोन विमानांची स्थाने एकमेकांवर येण्याची संभाव्यता त्यावरून काढली. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्गावरील विमानांसाठी एक कसोटी रूढ झाली : एका दिशेतील अंतर अपुरे पडल्यामुळे होणारे प्राणघातक अपघात एक अब्ज उड्डाणतासांत पाचांहून अधिक नसावेत. म्हणजे वीस कोटी तासांत एक.

या गणितातील खरी मेख वितरणाच्या मध्यभागात नसून त्याच्या शेपटीत आहे. सामान्य चुका लहान असतात व त्या प्रसामान्य वितरणात बऱ्यापैकी बसतात. परंतु न्यूयॉर्कचे ११ मैल किंवा चरखी दादरीचे हजार फूट या तशा चुका नव्हेत. बंद पडलेले यंत्र, चुकीचा ऐकलेला आकडा, पाळली न गेलेली आज्ञा यांतून त्या जन्मतात. आणि यंत्रे सुधारली म्हणून त्यांची संख्या त्याच प्रमाणात घटत नाही. मधला भाग निमुळता होतो, शेपूट तशीच राहते. म्हणून नवे यंत्र आले की अंतर तेवढ्याच प्रमाणात कमी करावे, हा युक्तिवाद सरळ दिसत असला तरी सदोष आहे.

८. समारोप

आता आरंभी पाहिलेल्या दिव्यांच्या रांगेकडे पुन्हा वळू. मुंबईच्या सांताक्रूझ येथील जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी वस्तुतः एकच चालते. असे असूनही २०१८ साली तेथे एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची चढ-उतार झाली. हजार घटना १४४० मिनिटांत, म्हणजे सरासरीने सुमारे ८६ सेकंदांस एक. दोन उतरणाऱ्या विमानांच्या मध्ये एका विमानाने उड्डाणही करावयाचे असते. उतरलेले विमान धावपट्टी सोडावयास पाऊण मिनिटाच्या आसपास घेते. ही सरासरी ५० सेकंदांहून अधिक नसेल, तर शेवटच्या टप्प्यात अडीच मैल अंतर ठेवण्याची मुभाही आंतरराष्ट्रीय नियमात आहे. १४० नॉट वेगास अडीच मैल म्हणजे ६४ सेकंद. शिल्लक उरतात १४. ८ जून २०२४ रोजी मुंबईतच एक विमान उड्डाणासाठी धावपट्टीवरून धावत असताना मागचे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. दोन्ही विमाने सुखरूप राहिली. परंतु जी शिल्लक अशा प्रसंगी वाचविते ती सेकंदांचीच असते, याची आठवण त्या घटनेने करून दिली.

या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे. विमानांमधील अंतराचे तीन घटक आहेत. पहिला आपल्या अज्ञानाचा. तो रडार, ट्रान्सपाँडर व अचूक मापक यांनी घटतो. दुसरा हवेचा, तो समजून घेता येतो, रद्द करता येत नाही. तिसरा धावपट्टीचा, तो शिस्तीने कमी होतो, घाईने नव्हे. या तिघांच्या बेरजेनंतरही जे थोडे अंतर राखले जाते ते निरुपयोगी वाटते, कारण बहुतेक सर्व दिवशी त्याची गरज पडत नाही. वाहतूक वाढविण्याचा मोह नेहमी याच शिल्लकेवर हात घालतो. पण न्यूयॉर्क व चरखी दादरी येथे जे घडले ते ध्यानात घेता, ज्या चुकीची कल्पना कोणी केलेली नसते तिला वाव देण्यासाठीच ही मोकळी हवा राखून ठेवलेली असते, असे म्हणावे लागते. गच्चीवरून पाहताना दोन दिव्यांच्या मध्ये जो काळोख दिसतो, तो वाया गेलेला नाही.